जीभ टोचायचीय? आधी ते इंजेक्शनचं सांग

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी कोपरखैरण्याला राहते, सेकंड इयरला आहे. मैत्रिणींनी जीभ पिअर्स केलीय, मला पण करायचीय. वाशीला एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले नाक टोचण्यासारखंच, पाच मिनिटांचं काम. आई म्हणते कॅन्सर होईल. लहानपणी ताप येऊन माझे सांधे सुजायचे म्हणून दर २१ दिवसांनी कमरेत इंजेक्शन असायचं, आता बंद आहे. करू का?

उत्तर : अगं, जाता जाता ते इंजेक्शनचं लिहिलंयस ना, मला तर सगळ्यात आधी तेच दिसलं! ताप, सुजलेले सांधे आणि २१ दिवसांचं पेनिसिलिन, म्हणजे तुला बहुतेक ऱ्हुमॅटिक फीवर झाला होता. घशाच्या इन्फेक्शननंतर येतो हा, सांधे बरे होतात पण हृदयाची झडप खराब करून ठेवू शकतो आणि ते कित्येक वर्षं कळतही नाही. आता तोंडात जंतू तर सगळ्यांच्याच असतात, जिभेला भोक पडलं की ते रक्तात उतरतात, धडधाकट माणसाचं शरीर त्यांना निपटून काढतं पण खराब झडपेवर ते ठाण मांडून बसतात. त्याला एन्डोकार्डायटिस म्हणतात, त्यात ४ ते ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, काहींची तर झडप बदलावी लागते. त्यामुळे आधी हार्टच्या डॉक्टरांकडे जाऊन टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घे. झडपेत काही निघालं तर जिभेचा विषय कट. आणि हो, ते इंजेक्शन डॉक्टरांनी बंद केलं की घरच्यांनी कंटाळून? ते कित्येक वर्षं चालू ठेवायचं असतं, हा प्रश्न मला पिअर्सिंगपेक्षा मोठा वाटतो.

एको क्लीन आला तर मर्जी तुझी, मी दातांची डॉक्टर आहे त्यामुळे हो काही म्हणणार नाही. पण नाकासारखं अजिबात नाही हां ते. जीभ म्हणजे स्नायू, भरपूर रक्त, आणि कायम ओली. पहिले ३ ते ५ दिवस चांगलीच सुजते, म्हणून सुरुवातीचा बारबेल (दोन्ही टोकांना बॉल असलेली दांडी) मुद्दाम लांब घालतात आणि सूज उतरली की २ ते ४ आठवड्यांत छोटा बसवायचा असतो, नेमकं हेच पोरं विसरतात. सुई तुझ्यासमोर पाकिटातून फोडायला सांग, बाकीचं सामान ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेलं हवं, आणि कान टोचायची गन काढली तर सरळ उठून ये. हिपॅटायटिस बी च्या लशीचे डोस झालेत का ते बघ. मामलेदारची झणझणीत मिसळ महिनाभर विसर. हनुवटीखाली सूज आली, थुंकी गिळता येईना, श्वासाला जड वाटलं तर मिठाच्या गुळण्या करत बसू नकोस, थेट कॅज्युअल्टी. जिभेखालचं इन्फेक्शन श्वासाची वाट बंद करू शकतं.

आईला सांग, कॅन्सरची भीती तंबाखू-सुपारीची धरा.

प्रश्न : कळव्याहून लिहितोय. ३ वर्षं झाली बारबेल घालून. खालचे पुढचे दात आतून लांब दिसायला लागलेत, गार पाणी लागलं की कळ जाते. रात्री काढून ठेवला तर चालेल?

उत्तर : नाही चालणार रे. दात लांब नाही झालेत, हिरडी खाली सरकलीय आणि मुळं उघडी पडलीयत. दिवसभर तो बॉल दातांच्या मागे घासत असणार, बोलताना, विचार करताना, ट्रेनमध्ये उभा असताना, चाळा असतो तो, तुला कळत पण नाही. काहींचा दाताचा टवका पण उडतो. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही, फार झालं तर ग्राफ्ट करावा लागतो, म्हणजे दुसरीकडचा तुकडा तिथे लावतात, ते खर्चिक. प्लॅस्टिकच्या बॉलने फार फरक पडत नाही. कायमचा काढ, भोक बहुतेक बुजेल, आणि या आठवड्यात एखाद्या डेंटिस्टला दाखवून ते दात हलतायत का ते बघून घे.