वाचकांचे प्रश्न : बायचुंग इंग्लंडमध्ये फेल गेला का?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही फुटबॉलर बायचुंग भुतियाच्या इंग्लंडमधल्या दिवसांचं एवढं कौतुक केलं, पण तो ज्या ‘बरी’ क्लबकडून खेळला ती तिकडची तिसऱ्या लेव्हलची टीम, आणि तीन सीझन राहून त्याचे गोल फक्त तीन. आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात की तो तिकडं फेल गेला. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, आकडे बरोबर आहेत तुमचे, लीगच्या ३७ मॅच आणि ३ गोल. पण फेल हा शब्द मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगतो.

आधी तो काय सोडून गेला ते बघा ना. १३ जुलै १९९७, फेडरेशन कपची सेमीफायनल, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, आणि मॅचला पब्लिक किती तर १ लाख ३१ हजार. बागानचे कोच अमल दत्ता, त्यांच्या डायमंड सिस्टीमची, म्हणजे खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करायच्या रचनेची, तेव्हा सगळीकडे चर्चा होती आणि त्या सिस्टीमपुढं भल्याभल्या टीम गार होत होत्या. त्या दिवशी वीस वर्षांच्या या पोरानं हॅटट्रिक मारली, ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकलं. (फायनल मात्र साळगावकरनं नेली, ते राहू दे.) त्याच्या आधीच्या सीझनला पहिली नॅशनल फुटबॉल लीग तो तेव्हा खेळत होता त्या पंजाबच्या जेसीटी क्लबनं जिंकली, तिथंही १४ गोल मारून टॉप स्कोरर हाच, आणि शेजारी फॉरवर्ड आय. एम. विजयन. म्हणजे भारतात मिळवण्यासारखं जे काही होतं ते त्याच्या खिशात आलं होतं, इथंच राहिला असता तर आयुष्यभर राजासारखा राहिला असता.

तरी तो बाहेर पडला. फुलहम, वेस्ट ब्रॉम, ॲस्टन व्हिला, सगळीकडं ट्रायल दिल्या, कुठंच जमलं नाही, आणि शेवटी सप्टेंबर १९९९ मध्ये मँचेस्टरजवळच्या बरीनं त्याला करारावर घेतलं. युरोपातल्या क्लबशी प्रोफेशनल करार करणारा तो पहिला भारतीय. त्याच्या आधी नाव घ्यायचं तर थेट १९३६ ला जावं लागतं, मोहम्मद सलीम, जे स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून अनवाणी पायाला पट्ट्या बांधून खेळले.

आता तिकडच्या खालच्या लीगमधला फुटबॉल त्या काळात कसा होता, तर मागून लांब बॉल हाणायचा, पुढं फॉरवर्डनं धिप्पाड बॅकशी अंगानं झुंजायचं, थंडी आणि चिखल वेगळाच. पायात पास मिळाला की वळून मारणारा हा माणूस, त्याला सगळं नव्यानं शिकावं लागलं असणार. १५ एप्रिल २००० ला चेस्टरफील्डविरुद्ध लीगमधला पहिला गोल आला. पुढं गुडघ्यानं सतत त्रास दिला, शेवटच्या सीझनला तर जेमतेम खेळायला मिळालं, आणि क्लबचे पैशाचे हालही तेव्हाच सुरू झाले होते. याच बरीला २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकलं, तेही पैशापायीच.

आणि परत आल्यावर काय केलं? २००३ ची आसियान क्लब चॅम्पियनशिप, म्हणजे आग्नेय आशियातल्या क्लबांची स्पर्धा, जकार्तात. ईस्ट बंगालनं फायनलला थायलंडच्या बीईसी टेरो सासानाला ३-१ नं हरवलं, आणि ९ गोल मारून स्पर्धेचा टॉप स्कोरर कोण तर बायचुंग. माझं स्पष्ट मत आहे की ते नऊ गोल मारणारा फॉरवर्ड बरीच्या चिखलातच तयार झाला. तुमच्या कट्ट्यावर हे नक्की सांगा.

प्रश्न : बायचुंग मोठा की सुनील छेत्री? एकच नाव सांगा.
— एक वाचक, विटा

उत्तर : गोलचं विचारत असाल तर छेत्री, देशासाठी नव्वदच्या वर गोल आहेत त्याचे, तिथं वादच नाही. पण २००८ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज कपची फायनल आठवा, दिल्लीत ताजिकिस्तानला ४-१, त्यात छेत्रीची हॅटट्रिक आणि चौथा गोल कॅप्टन बायचुंगचा. त्या एका विजयामुळं भारत २०११ च्या आशियाई कपला गेला, १९८४ नंतर पहिल्यांदा. दोघं एकाच टीममध्ये होते हे आपलं नशीब, मी एक नाव घेणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, शाळेच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळतो. उंची कमी आहे. घरचे म्हणतात दहावी आली, आता फुटबॉल बंद. कोल्हापूरला असतो तर गोष्ट वेगळी, सांगलीत राहून काय होणार? मी काय करू?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, बंद करू नका. आधी उंचीचं बोलू. बायचुंग स्वतः काही उंच नव्हता. डिफेंडरच्या नजरेआड कधी सरकायचं, बॉल यायच्या आधी कुठं पोचायचं, पहिल्या टचला बॉल कुठं ठेवायचा, यावर फॉरवर्ड जगतो आणि हे सगळं शिकता येतं. मुलाला आठवड्यातून एकदोनदा तरी त्याच्यापेक्षा मोठ्या पोरांत खेळू द्या, अंगाच्या जोरावर भागत नाही म्हटल्यावर डोकं आपोआप चालायला लागतं.

आता सांगलीचं. बायचुंगचं तिंकितम हे दक्षिण सिक्कीममधलं लहानसं गाव, आईवडील शेतकरी. नवव्या वर्षी साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) स्कॉलरशिप मिळाली म्हणून तो गंगटोकच्या शाळेत गेला, आणि देशाला दिसला तो १९९२ च्या सुब्रतो कपमध्ये, बेस्ट प्लेयर म्हणून. तिथं माजी गोलकीपर भास्कर गांगुलींनी त्याला हेरलं आणि पुढच्या वर्षी ईस्ट बंगाल. हा सुब्रतो कप शाळांचाच आहे ताई, आपल्याकडंही जिल्हा, विभाग, राज्य असं खेळत वर जाता येतं, आणि सांगली कोल्हापूर विभागातच येते, म्हणजे तुमच्या मुलाला कोल्हापूरच्या पेठांतल्या पोरांशी खेळायला मिळेलच. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून फॉरवर्ड खेळला.

दहावी मात्र नीट होऊ द्या, यात मी घरच्यांच्या बाजूनं आहे. फॉरवर्डचा गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही, बायचुंगसारख्याला दिला, आणि २०११ च्या आशियाई कपलाही दुखापतीमुळं तो जेमतेम शेवटच्या मॅचला थोडा वेळ उतरला. खेळाडूंच्या हक्कासाठी त्यानं २००६ मध्ये संघटना उभी केली, कारण दुखापत झाली, पगार थकला, की खेळाडूला कुणी विचारत नाही.

तेव्हा सकाळी मैदान आणि संध्याकाळी पुस्तक असं काहीतरी बसवा, आणि शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात पी.टी.च्या सरांना भेटून विचारा, यंदा सुब्रतोला टीम पाठवणार ना, नावं कधी द्यायची. शाळा पाठवत नसेल तर चार पालक मिळून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, आणि काय उत्तर येतं ते मला कळवा.