मक्ता घेतात, म्हणजे कुणीतरी देतं

एका वाचकांचा प्रश्न आहे: "मुलगी बारावीला आहे. तिच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'मक्तेदारी' छापलंय, शिकवणीचे सर 'एकाधिकार' म्हणतात. दोन्ही एकच का? आणि मक्ता हा शब्द 'मुक्त'वरून आला असं वाचलं, ते खरं का?"

शेवटचा भाग आधी घेतो, कारण तोच जास्त खुपला. नाही, खरं नाही. मक्त्याचा आणि मुक्तीचा काडीचाही संबंध नाही. 'जो करातून मुक्त तो मक्ता' ही व्युत्पत्ती मीही दोन-तीनदा ऐकली आहे आणि दर वेळी चिडलो आहे. अहो, मक्तेदार करातून मुक्त कसा असेल? सरकारात ठरीव रक्कम भरायची, या बोलीवरच तर त्याला मक्ता मिळायचा! दोन शब्द कानाला सारखे लागले की जवळचा संस्कृत धातू उचलून चिकटवायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

मक्ता अरबी आहे. काफ, तोय, ऐन या तीन अक्षरांचा धातू, अर्थ कापणं, तोडणं. गझल वाचणाऱ्यांना दुसरा मक्ता ठाऊक असतो: शेवटचा शेर, जिथे गझल तोडली जाते. तोही याच धातूचा. आणि आता ज्या भावंडासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो: आपला कित्ता! लहानपणी गिरवला तो. अरबी 'कितआ' म्हणजे कापलेला तुकडा. सुंदर अक्षराचा नमुना म्हणून एका स्वतंत्र तुकड्यावर चार ओळी लिहून देत, तो तुकडा म्हणजे कितआ. तिथून आपल्याकडे कित्ता. म्हणजे शाळकरी पोराचा कित्ता आणि दारूच्या गुत्त्याचा मक्ता, दोघे सख्खे भाऊ.

तर मक्ता म्हणजे कापून दिलेला तुकडा. कशातून कापलेला? राज्याच्या हक्कातून. दिल्लीचे सुलतान सरदारांना एखाद्या मुलखाचा महसूल तोडून देत, त्याला इक्ता म्हणत, तोही याच धातूचा. इक्ता घेणारा तो 'मुक्ती'. (या मुक्तीलाही मोक्ष समजू नका.) निजामाच्या राज्यात मक्ता हा जमीनधारणेचाच एक प्रकार होता आणि मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९४९ साली हैदराबादेत जहागिरी रद्द झाल्या तेव्हा त्या हुकमाने जहागिरीच्या व्याख्येत मक्त्यालाही घेतलं होतं. हैदराबाद शहरात आजही मक्ता हे नाव लावणाऱ्या वस्त्या आहेत. पुण्याकडे पाहिलं, तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती (एकेका भागाची वसुली आणि कारभार) जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या जात. मक्तेदार मग भरलेली रक्कम रयतेकडून व्याजासकट उकळायचा. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आहे.

आता मराठीचं व्याकरण पाहा. मक्ता घेतात, मक्ता देतात, तो लिलावात निघतो, अमक्याच्या नावावर सुटतो आणि मुदत भरली की संपतो. 'त्याने कष्टाने मक्ता कमावला' असं कुणी म्हणतं का? जीभ वळणारच नाही. आपण रागावतो तेव्हाही 'शहाणपणाचा मक्ता तूच घेतलायस का?' असं विचारतो. घेतलायस, म्हणजे कुणीतरी दिला असला पाहिजे. आमच्या आठवडी बाजारात मिरचीवाल्या मावशी पोत्यावर बसल्या बसल्या ओरडायच्या, "मक्तेवाला आला गं, पैसे काढून ठेवा!" पावतीपुस्तक घेऊन एक माणूस यायचा, पोत्यामागे दोन रुपये घ्यायचा, कधी पावती फाडायचा, कधी नाही. बाजार त्याने वसवला नव्हता, सावलीला एक पाल बांधलं नव्हतं. त्याच्याकडे होता तो फक्त लिलावात सुटलेला कागद. मावशींना अर्थशास्त्र शिकवायला कुणी गेलं नव्हतं, पण मक्ता म्हणजे काय हे त्यांना नेमकं कळत होतं.

इंग्रजीतला 'मोनोपोली' ग्रीकमधून आला, 'एकटा विकणारा' एवढाच त्याचा अर्थ. बाजारात विकणारे किती, तर एक. तो एकटा का उरला, कुणी उरवला, याबद्दल तो शब्द गप्प आहे. मराठी शब्द गप्प नाही. तो मुळाकडे बोट दाखवतो.

आणि ही मराठीची एकटीची करामत नाही! गुजराती माणूस मोनोपोलीला 'इजाराशाही' म्हणतो, उर्दूत 'इजारादारी'. इजारा म्हणजे भाडेपट्टा, ठेका. तेलुगूत 'गुत्ताधिपत्यम्'. गुत्ता म्हणजे तेच, मराठवाड्यात आजही रस्त्याचं काम घेणारा गुत्तेदारच असतो. चार शेजारी भाषा, तीन वेगळे मूळ शब्द, आणि चौघींनी एकच वाट धरली: ठेक्यापासून मोनोपोलीपर्यंत. माझं ठाम मत आहे की हा योगायोग नाही. या मुलखातल्या लोकांनी शेकडो वर्षं एकटा विकणारा पाहिला तो प्रत्येक वेळी सरकारी कागद हातात घेऊनच उभा असलेला. दारूचा, अफूचा, मिठाचा, जकातीचा, नदीवरच्या तरीचा. खुल्या बाजाराची बाजू मांडणारे अर्थतज्ज्ञ जे सांगतात, की टिकाऊ मक्तेदारी शोधत गेलात तर बहुतेक वेळा सरकारच्या दारात पोचाल, ते या भाषांनी शब्दातच नोंदवून ठेवलं आहे.

गोव्याचीही साक्ष काढतो. कोकणीत माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा तो 'रेंदेर'. पोर्तुगीजमध्ये 'रेंदा' म्हणजे खंड, ठेक्याने दिलेली वसुली, आणि 'रेंदेइरो' म्हणजे तो घेणारा. मी रेंदेराला याच घराण्यातला मानतो. माडावर चढणाऱ्याला नाव पडलं ते चढण्यावरून नाही, माडावरून नाही, सरकारच्या ठेक्यावरून. माणूस भल्या पहाटे जीव मुठीत धरून झाडावर चढतो आणि भाषेत उरतो तो वसुलीचा शब्द. हा शब्द मला आठवडाभर पुरला होता.

इंग्लंडातही काही वेगळं घडलं नव्हतं, फक्त शब्दात राहिलं नाही. पहिल्या एलिझाबेथ राणीने मीठ, व्हिनेगर, कपड्यांची खळ, खेळायचे पत्ते असल्या वस्तूंचे मक्ते मर्जीतल्या लोकांना वाटले होते. १६०१ साली पार्लमेंटमध्ये ती यादी वाचली जात असताना एका सभासदाने मध्येच विचारलं, "यात पाव नाही का?" १६२४ साली कायदा करून राजाच्या या अधिकाराला लगाम घातला. आपल्यावर येऊन बसलेली ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा १६०० सालच्या सनदेचं पोर होती. भारताशी व्यापार करण्याचा तिचा मक्ता १८१३ साली संपला, चहा आणि चीनचा व्यापार तेवढा १८३३ पर्यंत राहिला.

आता पाठ्यपुस्तकवाल्यांशी भांडण. बारावीच्या पुस्तकात मक्तेदारीचे प्रकार दिलेले असतात: खाजगी, सार्वजनिक, नैसर्गिक आणि 'कायदेशीर'. कायदेशीर मक्तेदारी! म्हणजे 'पिवळा पीतांबर'. मक्ता कायद्याने, सनदेने, हुकमानेच होतो, तोच त्याचा जन्म. हा एक उपप्रकार म्हणून कोपऱ्यात बसवला की मुलांना वाटतं, मूळ मक्तेदारी बाजारात आपोआप उगवते आणि सरकार अधूनमधून एखादी करतं. शब्द नेमकं उलटं सांगतोय, आणि परिभाषा ठरवणाऱ्यांनी तो ऐकलाच नाही. नैसर्गिक मक्तेदारीचं मी मान्य करतो: एका गावात विजेच्या तारांची दोन जाळी टाकणं परवडत नाही. पण तारा टाकायचा हक्कसुद्धा कुणीतरी दिलेलाच असतो.

आणि 'एकाधिकार' म्हणणाऱ्या सरांबद्दल. शब्द शुद्ध आहे, चूक नाही. पण तो महाराष्ट्रात कुठून अंगवळणी पडला ते पाहा. १९६९ साली दिल्लीने खाजगी उद्योगांना आवर घालायला कायदा केला, तो आपल्याकडे 'मक्तेदारी' कायदा म्हणून ओळखला गेला. १९७१ साली महाराष्ट्राने कापसाचा कायदा केला: शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही. तिचं नाव काय? 'कापूस एकाधिकार खरेदी योजना'. दोन वर्षांत दोन शब्द! उद्योगपतीची ती मक्तेदारी, सरकारचा तो एकाधिकार. एक शिवी, एक पदवी. विदर्भातल्या शेतकऱ्याला फरक कळला तो चुकाऱ्याची वाट पाहताना. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, गुजरातेत भाव चढा असला की त्याने स्वतःच्या शेतातला कापूस रात्री गाडीत भरून नाक्यावरून चोरून न्यायचा. स्वतःच्या मालाची चोरटी वाहतूक! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कापूस सीमेपार नेण्याची आंदोलनं केली ती यावरच. त्या शेतकऱ्याला 'एकाधिकार' शब्दातला 'अधिकार' कुणाचा, हे विचारून पाहायला हवं होतं.

१९६९च्या कायद्याची गंमत तर वेगळीच. त्याआधी १९५१च्या कायद्याने कारखाना काढायला, वाढवायला परवाना लागू झाला होता. मुंबई विद्यापीठाचे आर. के. हजारी यांनी १९६७च्या अहवालात दाखवून दिलं की बड्या घराण्यांनी हे परवाने भराभर घेऊन अडवून ठेवले, म्हणजे दुसऱ्याला शिरताच येऊ नये. राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) ज्याला परवाना-परमिट-कोटा राज म्हणत ते हेच. परवाना म्हणजे मक्त्याचाच नवा कागद. आणि त्यावर उपाय काय केला? वीस कोटींच्या वर मालमत्ता असलेल्याने वाढायचं तर आणखी एक परवानगी. पुढे १९९१च्या जुलैत बहुतेक उद्योगांचे परवाने गेले, आणि २००२ साली जो स्पर्धा कायदा आला त्याने भाषाही बदलली. तो मोठं असण्याला गुन्हा मानत नाही, 'प्रबळ स्थानाचा गैरवापर' झाला का ते विचारतो. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. कायद्याला जे कळलं ते बातम्या देणाऱ्यांना अजून कळलेलं नाही. एखाद्या कंपनीचा साबण खपला की 'बाजारात मक्तेदारी', एखाद्या नटाचे सिनेमे चालले की 'विनोदात मक्तेदारी'. अहो, लोक आपल्या खिशातले पैसे देऊन, दुसरा साबण समोर असताना हा घेतात! त्याला वर्चस्व म्हणा, वरचष्मा म्हणा, दबदबा म्हणा. उद्या लोकांचं मन फिरलं तर तो उरत नाही. मक्तेदाराला लोकांच्या मनाची फिकीर नसते, त्याला फक्त कागदाची मुदत पाहायची असते. 'देशभक्ती ही कुणाची मक्तेदारी नाही' हे वाक्य मात्र अगदी चोख आहे. देशभक्ती कुणाला तोडून दिलेली नाही, एवढंच ते म्हणतं.

मुलीचं राहिलंच. परीक्षेत तिने 'मक्तेदारी' लिहावं, पुस्तकात आहे तेच. 'एकाधिकार' लिहिलं तरी अर्थ तोच. प्रकार विचारले तर 'कायदेशीर'सुद्धा लिहावं, गुण जायला नकोत. गुत्ता आणि दारूचा गुत्ता हे एकच का, यावर पुढे लिहायचं आहे. नांदेड-लातूरकडे जुन्या माणसांच्या तोंडी 'गुत्ता' जमिनीच्या खंडासाठीही येतो का, ते तिकडच्या वाचकांनी जरूर कळवावं.