चूक झाली, आता तोंड कसे दाखवू?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी कार्यालयातील बैठकीत मी मांडलेल्या आकडेवारीत चूक निघाली आणि ती एका कनिष्ठ सहकाऱ्याने सर्वांसमोर दाखवून दिली. मी हसून वेळ मारून नेली. तेव्हापासून मी बैठकीत क्वचितच बोलतो आणि बोललोच, तर समोरच्यांचे चेहरे न्याहाळत राहतो. घरी मोकळेपणाने वागणारा मी तिथे कोणी वेगळाच असतो. हे ढोंग आहे का? गेलेली पत परत कशी मिळवावी?

उत्तर : घरी एक आणि कामाच्या ठिकाणी दुसरे वागणे हे ढोंग नव्हे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५०च्या दशकात माणसाच्या रोजच्या वागण्याला रंगभूमीची उपमा दिली, ती याच कारणाने : प्रेक्षकांपुढचा वावर आणि पडद्यामागचा वावर सर्वांचाच निराळा असतो. जे खरे नाही त्यावर दुसऱ्याला विसंबून राहू देणे, हे मात्र ढोंग.

आता त्या चेहऱ्यांविषयी. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. जवळजवळ निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनाच त्यावरचे चित्र सांगता आले. तुम्ही ज्या चेहऱ्यांवर स्वतःचा निकाल वाचता आहात, त्यांतील बहुतेकांच्या मनात त्या क्षणी त्यांचीच काळजी असण्याचा संभव अधिक.

मात्र एवढ्यावर तुम्हाला धीर देऊन थांबणे मला योग्य वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि सहकाऱ्यांच्या १९६६च्या प्रयोगात, बहुतेक प्रश्नांची अचूक उत्तरे देणाऱ्या व्यक्तीच्या हातून कॉफी सांडली तेव्हा ती ऐकणाऱ्यांना अधिक आवडली. थोड्याच प्रश्नांची अचूक उत्तरे देणारी सामान्य व्यक्ती मात्र त्याच प्रसंगाने त्यांना कमी आवडली. म्हणजे चुकीमुळे माणूस आपोआप जवळचा वाटू लागत नाही. शिवाय सांडलेली कॉफी पुसता येते. चुकीच्या आकड्यावर इतरांचे निर्णय उभे राहतात. म्हणून तुमच्या पत्रातील ‘हसून वेळ मारून नेली’ हे वाक्य मला चुकीपेक्षा गंभीर वाटते. तो आकडा पुढे दुरुस्त केलात की नाही, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

केला नसेल, तर तीन महिन्यांनंतरही तो करा. सुधारित तक्ता त्या बैठकीतील सर्वांना पाठवा, चूक कोणाच्या लक्षात आली ते त्या सहकाऱ्याच्या नावासह लिहा आणि खेद एका वाक्यात व्यक्त करा. लांबलचक माफी नको, कारण तिच्यामुळे आकडा बाजूला राहतो आणि तुमची समजूत घालण्याचे काम इतरांवर येऊन पडते. त्यानंतरच्या बैठकीत, ज्या विषयाची तुम्हाला पक्की माहिती आहे त्यावर बोला आणि बोलताना चेहऱ्यांऐवजी समोरच्या कागदाकडे लक्ष ठेवा.