ब्रिजवर नाव नसेल तर ट्रेमोलो (दांडीने सूर वरखाली करणारी यंत्रणा) कोणता हे कसं ओळखायचं?

तुम्ही जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे, ब्रिजला, म्हणजे अंगावर तारा टेकतात त्या धातूच्या भागाला, दांडी आहे, नाव कुठेच नाही, आणि दांडी दाबून सोडली की सूर उतरलेले राहतात. हा कोणता प्रकार आणि काढून फ्लॉइड रोझ (तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा ट्रेमोलो) बसवावा का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घाई करू नका.

ओळख पटवायला ब्रिजकडे बघत बसू नका, गिटार पालथी करा. नक्कल करणारे वरचा पत्रा हुबेहूब बनवतात, खरा फरक पाठीमागे दिसतो. मागचं प्लास्टिकचं झाकण उघडल्यावर स्प्रिंगा आणि धातूचा ठोकळा दिसला, तर तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण एकमेकांना तोलून धरणारा ब्रिज तुमच्याकडे आहे. ही कल्पना फेंडर कंपनीने 1954च्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिटारवर आणली. मागे नुसती सहा भोकं आणि त्यांत धातूच्या टोप्या असतील, तर तो हार्डटेल, म्हणजे न हलणारा ब्रिज. पण तुमच्याकडे दांडी आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

आता पुढून बघा. ब्रिजच्या पुढच्या कडेला सहा स्क्रू असतील तर तो जुन्या स्ट्रॅटच्या धर्तीचा. दोनच जाड खुंट असतील आणि पत्र्याची कड त्यांच्या खाचेत टेकलेली असेल, तर तो दोन-बिंदूंचा. फेंडरने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटवर हाच आणला. सहा स्क्रूंवर ब्रिज झुलताना घर्षण जास्त होतं, दोन खुंटांवर हालचाल मोकळी असते. तरीही नीट जमवलेला सहा स्क्रूंचा ब्रिज हलक्या हाताच्या वादकाला पुरतो, हे माझं मत.

दोनच खुंट दिसले म्हणून लगेच फ्लॉइड रोझ समजू नका. त्याची पहिली खूण नटवर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीवर, असते: तीन छोटे ठोकळे अॅलन कीने तारांवर आवळलेले असतात. ब्रिजवरही प्रत्येक तार सॅडलमध्ये (तार टेकते त्या छोट्या ठोकळ्यात) आवळलेली असते, त्यासाठी तारेच्या टोकाचा मणी आधी कापावा लागतो. मागच्या बाजूला वर आलेले छोटे स्क्रू बारीक सूर लावण्यासाठी, कारण नट आवळल्यावर डोक्यावरच्या सूर लावायच्या खुंट्या फिरवून काही होत नाही. फ्लॉइड रोझचं मूळ पेटंट 1979चं. पत्र्यावर 'लायसेन्स्ड' असं कोरलेलं असेल तर तो परवान्यावर बनलेला, आणि त्यात दर्जाची रेंज फार मोठी आहे. खुंटांवर टेकणाऱ्या धारेवरून नख फिरवून बघा. ती बोथट किंवा खड्डा पडलेली असेल तर कितीही जुळवा, ब्रिज मूळ जागी परतत नाही. स्वस्त मालात मऊ धातूची धार हमखास झिजते.

बाकीचे प्रकार झटपट ओळखू येतात. बिग्सबी नावाच्या ट्रेमोलोत तारांचे मणी एका आडव्या दांड्यावरच्या खिळ्यांत अडकवतात, दांडीच्या बुडाशी एकच जाड स्प्रिंग असते आणि ब्रिज वेगळा असतो. फेंडरच्या जॅझमास्टर गिटारमध्येही ब्रिज आणि तारा धरणारा भाग वेगवेगळे (1958 पासून). तिच्या ट्रेमोलोला फेंडर 'फ्लोटिंग' म्हणतो, आणि फ्लॉइड रोझवालेही आपल्या अधांतरी ब्रिजला तेच म्हणतात, त्यामुळे दोघे वादक एकाच शब्दावर तासभर भांडू शकतात. केलर नावाचा ट्रेमोलो दुरून फ्लॉइडसारखा दिसतो, पण त्याच्यात तारा चाकांवरून जातात आणि स्प्रिंगांसाठी लाकूड मागून कोरलेलं नसतं. आणि हो, स्वर वरखाली करणं म्हणजे व्हायब्रॅटो, ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. लिओ फेंडरने हे उलटसुलट केलं, आता कोण दुरुस्त करणार!

फ्लॉइड रोझ वाईट नाही. खोल डाइव्ह मारूनही (दांडी पार दाबून सूर खाली पाडूनही) सूर टिकवणारी दुसरी व्यवस्था मला तरी सापडलेली नाही. पण अधांतरी ब्रिजवर एक तार तुटली की स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एक तार ओढून बेंड केलीत तर बाकीच्या उतरतात. सहावी तार उतरवून डी स्वरावर आणायची म्हटली तर पुन्हा सगळं जुळवणं आलं. शिवाय साध्या ट्रेमोलोच्या जागी तो बसवायचा तर लाकूड आणखी कोरावं लागतं, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही.

माझी फजिती ऐका. एकदा फोटो बघून दोन खुंटांचा ब्रिज मागवला. आला, चकचकीत होता, गिटारवर ठेवला तर खुंट एका बोटाच्या जाडीने चुकत होते. माझ्या गिटारवर दोन खुंटांमधलं अंतर 74 मिमी होतं, आलेला ब्रिज 56 मिमीचा. दोन्ही मापं सर्रास चालतात, आणि मी मोजलंच नव्हतं. तारांमधलंही अंतर मोजा: जुन्या धर्तीत पहिल्या ते सहाव्या तारेपर्यंत सुमारे 56 मिमी, नव्या बऱ्याच ब्रिजमध्ये 52.5.

सूर न टिकण्याचा दोष नेहमी ब्रिजचाच असतो असं नाही. खुंटी हळूहळू पिळताना नटपाशी 'टिक्' असा आवाज येतो का ऐका. येत असेल तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड भरा, नव्या तारा चांगल्या ओढून ताणा, खुंटीवर दोन-तीनच वेढे ठेवा. मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवल्या आहेत तो पत्रा दोन स्क्रूंनी आत-बाहेर होतो, त्यावरून ब्रिजचा कल ठरवा. एवढ्यावरही जमलं नाही, तर झाकण काढून मागच्या बाजूचा आणि पट्टी शेजारी ठेवून खुंटांचा, असे दोन फोटो टाका.