समरकंदमधील जुने किती, नवे किती?

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी एका सहलीबरोबर उझबेकिस्तानला जाणार असून समरकंदसाठी कार्यक्रमात एकच दिवस ठेवलेला आहे. तेथील बऱ्याच वास्तू सोव्हिएत काळात नव्याने बांधून काढल्याचे एका परिचितांकडून कळल्यापासून उत्साह थोडा मावळला आहे. आवर्जून काय पाहावे, आणि मशिदींत अन्यधर्मीयांना प्रवेश मिळतो का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे खरे आहे, पण ते सगळ्याच वास्तूंना सारखे लागू पडत नाही. सर्वाधिक लागू पडते ते बीबी खानूम मशिदीला. दिल्लीवरील १३९८ च्या स्वारीनंतर तैमूरने ती बांधायला घेतली, दगड वाहण्यासाठी हिंदुस्थानातून नेलेले हत्ती जुंपले आणि काम इतक्या घाईने उरकून घेतले की थोड्याच काळात तिला तडे जाऊ लागले. १८९७ च्या भूकंपाने तिची आणखी पडझड झाली. आजचे तिचे घुमट बव्हंशी विसाव्या शतकातले आहेत आणि रेगिस्तान चौकातील तिल्ला-कारी मदरशाचा निळा घुमटही त्याच शतकातला आहे.

आपल्या फोंड्यातील साफा मशिदीच्या तळीभोवतीच्या जांभ्या दगडाच्या कमानी आपण पाहिलेल्या असतीलच. समरकंदला मात्र मूळ बांधकाम भाजलेल्या विटेचे आणि शोभा सगळी तिच्यावर बसवलेल्या झिलईच्या फरशांची आहे. त्या काळाच्या ओघात निखळतात आणि पुन्हा बसवाव्या लागतात. अशी डागडुजी निराळी आणि अख्खा घुमट नव्याने चढवणे निराळे, एवढा भेद मनात ठेवला की विरस होणार नाही.

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ शाह-ए-जिंदाला द्यावा. टेकडीच्या चढावर दोन्ही बाजूंना मकबरे असलेली ही अरुंद गल्ली आहे. तेथील तैमूरच्या भाचीचा, शादी मुल्क आका हिचा, १३७२ मधील मकबरा अगदी जवळ जाऊन पाहावा: फिरोजी झिलईच्या मातीच्या फरशांवरील नक्षी इतकी खोल आहे की बाजूने पाहिल्यास लाकडावरील कोरीवकामाचा भास होतो. सुरुवातीलाच बऱ्याच पायऱ्या असल्याने येथे सकाळी जावे, दुपारी तैमूरची कबर असलेला गूर-ए-अमीर पाहावा आणि संध्याकाळ रेगिस्तानसाठी राखावी. तेथील शेर-दोर मदरशाच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघ आणि त्यांच्या पाठीवर मानवी चेहऱ्याचे सूर्य आहेत. मदरशाच्या दारावर असे चित्र सहसा आढळत नाही. एक रात्र वाढवून मिळाली, तर तैमूरचा नातू आणि खगोलज्ञ उलुगबेग याच्या वेधशाळेचा जमिनीखाली उरलेला वक्राकार भाग चुकवू नये, कारण जयपूरच्या सवाई जयसिंहांनी आपली ग्रहगणिताची कोष्टके करताना उलुगबेगच्याच कोष्टकांचा आधार घेतला होता. रात्र वाढत नसेल, तर गालिचे-रेशमाच्या दुकानांची फेरी निःसंकोच गाळायला सांगावी.

प्रवेशाची चिंता नको. वरील सर्व ठिकाणी तिकीट काढून कोणालाही जाता येते. शाह-ए-जिंदाला मात्र आजही भाविक दुवा मागण्यासाठी येतात. तेथे अंग झाकणारे कपडे असावेत, पत्नींनी डोके झाकायला ओढणी जवळ ठेवावी आणि कोणी प्रार्थनेला बसले असल्यास त्यांचे छायाचित्र काढू नये.