ते खोडलेलं वाक्य

प्रश्न : ताई, माझं वय ५१. आईच्या आजारपणात नऊ वर्षं तिचं सगळं मी केलं. ती जाऊन दीड वर्ष झालं. आता सकाळी उठून करायचं काय, तेच कळत नाही. घरच्यांच्या आग्रहाखातर पाच महिने समुपदेशनाला जाते आहे. मॅडम सज्जन आहेत, मन लावून ऐकतात, पण उपाय म्हणून काही सांगत नाहीत. ‘याचा तुमच्यासाठी अर्थ काय?’ हेच फिरून फिरून विचारतात. त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्याबद्दल सांगितलं. त्या माणसाला नाझींच्या छळछावणीतही जगण्याचा अर्थ दिसला आणि मला भरल्या घरात दिसत नाही, याची उलट लाजच वाटते. मी तयारी मात्र चोख करते. आदल्या रात्री वहीत मुद्दे काढून जाते. मागच्या खेपेला त्यातलं एक वाक्य खोडलं, मॅडमना ऐकून वाईट वाटलं असतं म्हणून. ही पद्धत माझ्यासाठी नाहीच असं वाटतं. समुपदेशक बदलू का?

उत्तर : नका बदलू. निदान ते खोडलेलं वाक्य सांगितल्याशिवाय तरी नको.

नऊ वर्षांच्या सेवेबद्दल तुमचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले असतील, त्यामुळे मी ते करत बसत नाही. ‘मॅडमना वाईट वाटलं असतं’ हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. मदत घ्यायला जाता तुम्ही आणि समोरच्या बाईंना काय झेपेल याची काळजीही तुम्हीच वाहता! ही सवय कुठली असेल याचा अंदाज येतो. डॉक्टरांशी बोलून झालं की दाराबाहेर क्षणभर थांबायचं, चेहरा नीट करायचा आणि मगच आईच्या खोलीत जायचं. तिथे ते गरजेचं असेलही. पण आता तुम्ही समुपदेशकांच्या खोलीतही चेहरा नीट करूनच शिरता, आणि वर म्हणता की पद्धत लागू पडत नाही.

तुमच्या मॅडमसारखं, उपाय न सांगता मन लावून ऐकणाऱ्या माणूसकेंद्री उपचारपद्धतीतलं मोठं नाव म्हणजे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स. माणूस बदलण्यासाठी उपचारात काय काय असावं लागतं, याच्या सहा अटी त्यांनी १९५७ साली एका लेखात मांडल्या. समुपदेशकाने खरेपणाने वागावं, समोरच्याला विनाअट स्वीकारावं, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं, या तीन सगळ्यांना ठाऊक असतात. शेवटची अट फारसं कोणी सांगत नाही : तो स्वीकार आणि ते समजून घेणं समोरच्यापर्यंत थोडं तरी पोचलं पाहिजे. तुमच्यापर्यंत ते पोचणार कसं? पाच महिने मॅडम ज्या बाईला स्वीकारत आल्या आहेत, ती वहीतल्या निवडक मुद्द्यांची बाई आहे. त्यांनी कितीही आपुलकीने मान डोलावली तरी तुमच्या मनात येत असणार, ‘ते वाक्य ऐकलं असतंत तर?’

आता त्या लाजेचं. छावणीत गेल्यावर फ्रँकलना हे सगळं सुचलं, असा पुष्कळांचा समज असतो, पण तसं नाही. ‘लोगोथेरपी’, म्हणजे जगण्याचा अर्थ शोधायला मदत करणारी त्यांची उपचारपद्धती, हा शब्द ते १९२६ पासूनच वापरत होते आणि छावण्यांचा काळ १९४२ ते १९४५ चा. ऑशविट्झच्या छावणीत पोचले तेव्हा या विषयावरच्या पुस्तकाचं हस्तलिखित त्यांच्याजवळ होतं, ते तिथे हातचं गेलं. वेदनेची तुलना करू नये हेही त्यांनीच सांगून ठेवलंय. रिकाम्या खोलीत वायू सोडला की खोली लहान असो वा मोठी, तो सगळीभर पसरतो. दुःखाचंही तसंच, असं ते म्हणत. तेव्हा त्यांचं नाव घेऊन स्वतःला कमी लेखणं बंद करा. त्यात त्यांचा मान राखला जात नाही आणि तुमचंही काही भलं होत नाही.

त्यांच्याकडे एक वयस्कर डॉक्टर आले होते. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि दुःख जराही हलत नव्हतं. फ्रँकलनी विचारलं, ‘आधी तुम्ही गेला असता तर?’ डॉक्टर म्हणाले, ‘तिचे फार हाल झाले असते.’ ‘मग ते हाल तुम्ही वाचवलेत. त्याची किंमत म्हणून आता मागे राहून शोक करताय.’ डॉक्टरांनी काही न बोलता फ्रँकलचा हात हातात घेतला आणि ते निघून गेले. हा किस्सा लोक तोडगा सांगावा तसा सांगतात, ते मला पटत नाही. प्रश्न लागू पडला, कारण त्या गृहस्थांनी आपलं दुःख न सजवता समोर ठेवलं होतं. मॅडमना तुमच्याकडून सजवलेलंच मिळतंय, मग त्यांनी नेमका प्रश्न शोधायचा कशात?

तुम्ही काय खोडलं असेल याचे दोन-तीन अंदाज माझ्या मनात आहेत. ते इथे लिहिणार नाही. माझ्या अंदाजाला नुसती मान हलवून मोकळं होण्याची सोय तुम्हाला नको. मात्र ते वाक्य जगणं नकोसं झाल्याबद्दल असेल, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. आजच मॅडमना फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर सांगा.

तसं नसेल, तर पुढच्या भेटीच्या आदल्या रात्री वही उघडू नका. जाताना ती बरोबर घ्या, खुर्चीत बसल्या बसल्या ते पान काढा आणि म्हणा, ‘मी हे खोडलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.’ वाक्य मोठ्याने वाचणं जमलं नाही, तर वही त्यांच्या हातात द्या. पुढचा सगळा तास त्यावरच गेला तरी जाऊ द्या, आणि त्यांचे डोळे भरून आले तर पाण्याचा पेला पुढे करायला उठू नका. त्यांचं त्या बघतील.

ऐकून त्या खरोखरच दुखावल्या, किंवा घाईघाईने विषय बदलला, तर मात्र समुपदेशक खुशाल बदला. मग मला विचारायचीही गरज नाही.