बाबांना पटत नाही, असं नव्हतंच

“मॅडम, आणखी कसं समजावू? बाबांना पटतच नाही.”

हे वाक्य माझ्याकडे सतत येत असतं. कधी बाबांच्या जागी नवरा असतो, कधी सासू, कधी कॉलेजातला मुलगा. या वेळी विषय होता कानाच्या यंत्राचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील सत्तरीचे. तपासणी झालेली, यंत्र घेतलेलं, आणि आठ महिने ते कपाटात. मुलगी ती डबीच घेऊन आली होती. उघडली, तर बॅटऱ्यांवरची रंगीत स्टिकरंसुद्धा निघालेली नव्हती.

तिने व्हिडिओ दाखवले, लेख वाचायला दिले, शेवटी भीतीही घातली. “असंच चाललं तर सगळं विसरायला लागाल.” त्यावर बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला म्हणे.

भीतीचं हे दुखणं जुनंच. १९५३ साली जॅनिस आणि फेशबॅक या संशोधकांनी शाळेतल्या मुलांना दातांच्या निगेवर व्याख्यानं ऐकवली. एका गटाला किडलेल्या दातांची भयंकर चित्रं दाखवली, दुसऱ्याला सौम्य भाषेत सांगितलं. घाबरली जास्त पहिली मुलं. सवयी बदलल्या त्या सौम्य गटाच्या. पुढे दिसलं, की भीतीच्या जोडीला ‘आता नेमकं काय करायचं’ हेही हातात दिलं, तर ती उपयोगी पडते. या मुलीने मात्र बाबांना नुसतीच भीती दिली होती.

पुढच्या खेपेला बाबा आले. चूक माझीही झाली. पहिली दहा मिनिटं मीसुद्धा यंत्राचे फायदेच सांगत बसले. ते मान डोलवत होते, निम्मं ऐकूच येत नसावं. मग मी कागद घेतला, मोठ्या अक्षरांत पाच विधानं लिहिली आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच रकाने आखले. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेली ही पद्धत. सर्वेक्षणांत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी असल्या खुणा केल्या आहेत. रीतसर चाचणी म्हणता येईल असं ते नव्हतं, पण दुखरी जागा सापडायला पुरलं.

‘यंत्राने नीट ऐकू येतं’: पूर्ण सहमत. ‘मला ऐकू कमी येतं’: सहमत. ‘यंत्र लावलेल्या माणसाला लोक मोजत नाहीत’: पूर्ण सहमत. ही खूण त्यांनी पेन इतकं दाबून केली की कागद फाटायला आला.

मुलगी बघतच राहिली. जे त्यांना मान्यच होतं, त्यावर ती आठ महिने वाद घालत होती.

“असं का वाटतं, काका?” मी लिहूनच विचारलं.

“आमच्या साहेबांना होतं यंत्र. शिट्टी वाजायची त्याची. ते केबिनमध्ये गेले की आम्ही नक्कल करायचो.” थोडं थांबून म्हणाले, “मीच जास्त.”

मानसशास्त्र ज्याला अभिवृत्ती म्हणतं, म्हणजे एखाद्या गोष्टीकडे बघण्याचा मनाचा कल, ती अशीही घडते. शिट्टी आणि हशा इतक्या वेळा एकत्र आले, की चाळीस वर्षांनी नुसती डबी पाहूनही तो हशाच ऐकू येतो. जे माहितीतून आलंच नाही, ते माहितीने कसं जाणार?

मग मी शून्य ते दहाची पट्टी काढली. यंत्र लावायची तयारी किती? त्यांनी तीनवर बोट ठेवलं.

“तीनच?” मुलगी म्हणाली. मी तिला खुणेनं थांबवलं. कमी का, असं विचारलं की माणूस नकाराची कारणं शोधत बसतो. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणात्मक मुलाखतीत, म्हणजे बदलाची कारणं माणसाच्याच तोंडून काढणाऱ्या संवादपद्धतीत, प्रश्न उलटा असतो. “एक का नाही, काका?”

बराच वेळ गेला. “नात फोन करते. मी नुसता हो-हो करतो. परवा म्हणाली, ‘आजोबा, हो काय? मी विचारलं, तुम्ही काय करताय.’”

त्या दिवशी यंत्राची बाजू त्यांनीच मांडली. माझ्या दहा मिनिटांपेक्षा किती तरी चांगली.

प्रत्येकाच्या मनात आपल्याला काय चालेल याचं एक कुंपण असतं; ‘दिवसभर लावा’ ही मागणी बाबांच्या कुंपणापलीकडची होती. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांच्या मते तिथली गोष्ट माणसाला आहे त्याहून दूरची वाटते. म्हणून ठरलं ते एवढंच: नातीच्या फोनपुरतं, घरात, दार लावून. शिट्टी बहुधा यंत्र सैल बसल्यानं वाजते, तेव्हा आधी तज्ज्ञाकडून ते नीट बसवून घ्यायचं. आणि मुलीने महिनाभर “बघा, मी म्हणत होते ना” असं म्हणायचं नाही. हे सगळ्यांत अवघड गेलं.

दीड महिन्याने तोच कागद पुन्हा दिला. यंत्र कानात होतं. आता ते जेवतानाही लावतात, असं कळलं. ‘लोक मोजत नाहीत’ या विधानापाशी पेन थांबलं, आणि खूण पुन्हा ‘पूर्ण सहमत’मध्येच पडली.

“मग लावून कसे आलात?” मी विचारलं. या वेळी लिहावं लागलं नाही.

“लोकांबद्दल माझं मत तेच आहे,” ते म्हणाले. “पण नात काही लोक नाही.”